सुरई बद्द वाजली

मंगळवार, ६ मे

क्रेट्स आले. तीन. ओक्लाहोमाहून विमानाने, मग लॉरीने साउथहॅम्प्टन. गुरुवारपर्यंत उघडायचे नाहीत. आतल्या मडक्यांना इथल्या हवेची सवय व्हायला हवी. डॅरन म्हणाला, "मी हल शहरातून इथे आलो तेव्हा मला कोणी दोन दिवस दिले नव्हते." डॅरन गॅलरीचा सीनियर टेक्निशियन. मी ज्युनियर. महिनाअखेर माझं प्रोबेशन संपतं. मॅनेजर क्रिस्टीन म्हणाली, हे प्रदर्शन नीट लागलं की पर्मनंटचं बघू. "बघू" म्हणाली. "करू" नाही.

क्रेट्सवरचे बाण वर आहेत. जाताना परत पाहिलं. वरच होते.

जेवताना आईने विचारलं, "कॅडो म्हणजे काय रे?" सांगितलं. अमेरिकेतले मूळ लोक. नद्यांच्या काठी राहायचे, मडकी करायचे. गोऱ्यांनी हाकलत हाकलत ओक्लाहोमापर्यंत नेलं, आणि मडकी करणारं कोणी उरलं नाही. मग त्यांच्यातल्याच काही जणांनी म्युझियममधली जुनी खापरं बघून बघून कला परत शिकून घेतली. ही मडकी जिची, ती लॉरेटा त्यांतली. चाक नाही, भट्टी नाही, मातीच्या वळ्या एकावर एक लावून, दगडाने घोटून, उघड्या जाळात भाजते. आणि त्यावर कोरते काय, तर यानं, रोबॉट, तारे.

बाबा म्हणाले, "मग? मागे काही ठेवलंच नाही त्यांना, तर पुढचंच बघणार ना." बाबा बस चालवतात आणि रविवारी विहारात भाषण करतात. घरीही रविवारसारखंच बोलतात.

मैत्री (बहीण, इथे जन्मलेली) म्हणाली, "सो इट्स लाइक, स्पेस मडकी? ती खूप कूल आहे."
"ती खूप कूल आहेत."
"व्हॉटेव्हर, दादा."

गुरुवार, ८ मे

दुपारी दोन. स्टोअरमध्ये बसून लिहितोय. 

सकाळी क्रेट उघडले. तिसऱ्यात होती ती. यादीत बॉटल लिहिलंय, पण ती सुरई आहे. गोल पोट, लांब मान, खाली तीन पोकळ पाय, चंद्रावर उतरणाऱ्या यानाला असतात तसे. पोटभर कोरलेल्या भोवऱ्यांच्या रेघा, रेघांत लाल माती भरलेली. भोवरे हळूहळू तारे होतात. मधे गोल खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक म्हातारा चेहरा, डोक्यावर हेल्मेट. सगळे बाहेर बघतायत. नाव: "परत जायचं यान".

डॅरन चहाला गेला होता. थांबायला हवं होतं. एक पाय फोममध्ये अडकला होता. जरा ओढावं लागलं. जरा म्हणजे किती, आता आठवत नाही. टेप सोलायला उजव्या हातातला ग्लव्ह काढला होता. सुरई टेबलावर ठेवली आणि माझ्या बोटाने तिला टिचकी मारली.

मी मारली नाही. बोटाने मारली. हे बोट आईचं आहे. गेल्या शनिवारी शर्ली भागातल्या इंडियन दुकानात माठ घ्यायला गेलो होतो. आईने मांडलेल्या प्रत्येक माठाला टिचकी मारली, कान लावून. दुकानदार बघतोय, लोक बघतायत. मी म्हटलं, "आई, पुरे." ती म्हणाली, "न वाजवता माठ घेतात का?" शेवटी एक खणखणीत वाजला, तो घेतला. लहानपणापासून तिच्यामागे उभं राहून हेच पाहिलंय. मडकं समोर आलं की बोट उठतं.

आवाज आला: बद्द.

मातीच्या आत कोणी तोंडावर हात ठेवल्यासारखा.

बद्द वाजलं म्हणजे तडा.

रात्री. घरी येऊन शब्दकोशात पाहिलं. बद्द. द्द जोडाक्षर. बरोबर लिहिलंय.

शुक्रवार, ९ मे

टॉर्च घेऊन पाहिलं. तडा दिसत नाही. पण कोरलेल्या रेघा इतक्या आहेत की एखादी रेघ रेघ नसली तरी कळणार नाही. पायाजवळ एक आहे. रेघ असेल. बाकीच्या रेघांत लाल माती आहे. हिच्यात नाही.

क्रिस्टीन मागे येऊन उभी. "सगळं ठीक?" मी हो म्हटलं. सांगायची वेळ ती होती. मग छातीत धडधड. (यापुढे छा.ध. लिहीन, रोज पूर्ण लिहिणं नको.)

डॅरन म्हणाला, "तुझा रंग भिंतीला मॅच होतोय. बाजूला हो, नाहीतर तुलाही लेबल लावतील."

कॉलेज सोडलं तेव्हा असंच झालं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये छा.ध., दार दिसेना, ए-लेव्हल्स अर्ध्यावर. त्यानंतरच्या सगळ्या नोकऱ्या मी सोडल्या किंवा त्यांनी मला. ही पहिली आहे जिथे सकाळी जावंसं वाटतं.

शनिवार, १० मे

सुट्टी. आईचा माठ किचनच्या खिडकीत, ताटलीत. बाहेरून ओला झालाय, ताटलीत पाणी साचलंय. मैत्री ओरडली, "आई! तुझी माठ लीक होतेय!"

"तुझा माठ. आणि लीक नाही, पाझरतोय. पाझरला तर गार होईल."

"हाऊ इज दॅट नॉट लीकिंग?"

आईने ताटली रिकामी करून परत खाली ठेवली. तिच्या दृष्टीने तो प्रश्नच नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "आई, मडकं बद्द वाजलं म्हणजे तडाच ना?"
"तडा, नाहीतर कच्चं भाजलेलं."
"कच्चं?"
"आच कमी लागली की खणखणत नाही. का रे?"
"असंच."

कच्चं! लॉरेटा भट्टी वापरत नाही. उघडा जाळ, वर लाकडं. आच भट्टीइतकी लागत नसणार. म्हणजे तिची सगळीच मडकी बद्द वाजत असतील. दुपारभर बरं वाटलं. भात दोनदा वाढून घेतला.

मग लक्षात आलं की हे खरं आहे का ते कळायला एकच मार्ग आहे. दुसऱ्या मडक्याला टिचकी मारून बघणं.

सोमवार, १२ मे

आज पौर्णिमा. सकाळी बुद्धांसमोर मेणबत्ती लावताना आईने विचारलं, "काय मागितलंस?" आपल्यात मागत नाहीत, तिनेच शिकवलंय. तरी विचारते.

डॅरन जेवायला गेल्यावर मारली. वाडग्याला. ज्याच्या काठावर रोबॉटचं डोकं आहे त्या. नखाने, अगदी हलकी.

खणखणीत नाही. पण बद्दही नाही. जाड, पण स्वच्छ. शेवट असलेला आवाज. सुरईच्या आवाजाला शेवट नव्हता, मधेच बसला होता.

म्हणजे कच्चं भाजल्यामुळे नाही.

आणि हे कळायला मी आणखी एका मडक्याला हात लावला.

तीन वाजता सुरई चौथऱ्यावर ठेवायची होती. डॅरन एका बाजूने, मी दुसऱ्या. उचलली आणि आत काहीतरी खडखडलं.

"काय होतं ते?" डॅरन.
"किल्ल्या," मी. "माझ्या खिशात."

किल्ल्या लॉकरमध्ये होत्या. माझ्या तोंडातून इतकं पटकन खोटं कधी निघालं नव्हतं. आता आत तुकडा सुटलाय. संध्याकाळी डॉक्सवरून क्रूझचं जहाज सुटलं, भोंगा वाजला, गॅलरीच्या काचा हलल्या. मी सुरईसमोर जाऊन उभा राहिलो. का, माहीत नाही. भोंगा अडवायला उभा राहिल्यासारखा.

मंगळवार, १३ मे

घरी सांगितलं. जेवताना. सांगणार नव्हतो, पण आईने विचारलं, "मडक्याचं काय झालं?" शनिवारपासून धरून होती.

सगळं ऐकल्यावर बाबांनी चमचा खाली ठेवला. "हात लावला म्हणून घाबरतोस? आपल्या घरात? माझ्या आजोबांना गावात पाण्याच्या मडक्याला हात लावू देत नव्हते. लांबून ओंजळीत ओतायचे. आणि तू? तू मडक्याला हात लावायचा पगार घेतोस!"

"बाबा, हे तसं नाहीये. इथे सगळ्यांनाच हात लावायला मनाई आहे."

बाबांनी चमचा परत उचलला. "सगळ्यांनाच?"
"सगळ्यांनाच."
"मग ठीक आहे."

आई म्हणाली, "अहो, हात लावला म्हणून नाही घाबरत तो. फुटलं म्हणून घाबरतोय. तुमचं भाषण रविवारी ठेवा." मग मला, "तुझ्याने फुटलं का?"
"माहीत नाही."
"मग 'माहीत नाही' असं जाऊन सांग."

मैत्री म्हणाली, "पण दादा, पहिल्याच टिचकीला बद्द आला ना? मग तो क्रॅक आधीच होती. इट्स लॉजिक."

लॉजिक आहे. पण त्याआधी मी पाय ओढला होता. ते तिला सांगितलं नाही. इथे लिहिलंय.

बुधवार, १४ मे

क्रिस्टीनच्या दारापर्यंत गेलो. ती फोनवर होती. दाराशी उभा राहिलो. तिने हाताने "एक मिनिट" केलं. मी अंगठा दाखवून परत आलो. अंगठा का दाखवला?

छा.ध. दिवसभर.

लॉरेटा उद्या येतेय. प्रदर्शन शनिवारी उघडतंय. उद्घाटनाला ती सुरईत पाणी भरून सगळ्यांना पाजणार आहे, असं क्रिस्टीनने आज सांगितलं. तिला ते फारसं पसंत नाही. "पण मडकं तिचं, आपण काय बोलणार."

पाणी. तडा गेलेल्या सुरईत.

गुरुवार, १५ मे

नीट क्रमाने लिहितो.

लॉरेटा दहाला आली. साठीच्या आसपास, पांढरी वेणी, पायांत चमकणारे रनिंग शूज. क्रिस्टीन फुलं घेऊन उभी. लॉरेटाने फुलं डॅरनकडे दिली आणि सरळ मडक्यांकडे गेली. "काय पोरांनो, विमानात खायला दिलं का काही?"

सुरई उचलली. उघड्या हातांनी. आणि हलवली.

खडखड.

मी भिंतीला टेकलो. क्रिस्टीनने तोंडावर हात ठेवला. लॉरेटा हसायला लागली. "चेहरे बघा यांचे! पायांत मातीच्या गोळ्या घातल्यात मी. आमच्या जुन्या भांड्यांत असायच्या, उचललं की वाजायला. आणि हे तर यान आहे. इंजिनाचा आवाज नको?"

सगळे हसले. डॅरन माझ्याकडे बघून म्हणाला, "किल्ल्या, नाही का?" मीही हसलो. इतका की डोळ्यांत पाणी. तुकडा नाही! गोळ्या आहेत! तडा नाही! आठवडाभर उगाच.

मग तिने सुरई खाली ठेवली आणि नखाने टिचकी मारली.

अगदी आईसारखी. मान वाकडी, कान जवळ.

बद्द.

तिचं हसू गेलं नाही, पण थांबलं. परत मारली, दुसरीकडे. परत पायाजवळ. क्रिस्टीन फुलांसाठी फुलदाणी शोधत होती, डॅरन शिडी उचलत होता. कोणाला काही कळलं नाही. फक्त मी बघत होतो, आणि तिने वर पाहिलं तेव्हा तिला दिसलं की मी बघतोय.

"फ्लाइट कशी होती मालाची?" तिने क्रिस्टीनला विचारलं. "अगदी स्मूथ," क्रिस्टीन म्हणाली. "छान," लॉरेटा म्हणाली.

तिने कोणाला सांगितलं नाही. हे जास्त वाईट आहे.

शुक्रवार, १६ मे

सकाळी बसमध्ये वाक्यं इंग्रजीत पाठ केली. गॅलरीत पोचेपर्यंत सगळी विसरलो.

लॉरेटा एकटीच होती. जमिनीवर बसून वाडग्याच्या रेघांत बोटाने लाल माती चोळत होती. प्रवासात थोडी गळलीय म्हणाली. मी समोर बसलो. जमिनीवर बसायला बरं वाटलं.

"मी टिचकी मारली होती," मी म्हटलं. "परवानगी नसताना. उघडलं त्या दिवशी."

"का?"

"आमच्यात मारतात. मडकं घेताना."

तिने चोळणं थांबवलं. "आमच्यातही मारतात. मग? काय ऐकलंस?"

इंग्रजी शब्द सापडेना. "डल" म्हटलं. तिने मान हलवली, ते नाही. मग मी आपलाच म्हटला. बद्द.

"बड?" ती म्हणाली. "झाडाला येते ती? कळी?"

मी सांगायला गेलो की नाही, हा द वेगळा आहे, जोडाक्षर आहे, याचा कळीशी काही संबंध नाही. पण ती तो शब्द तोंडात घोळवत होती. बड. बड. "म्हणजे उघडायच्या बेतात असलेलं," म्हणाली. "बरोबर आहे. तसाच वाजतोय." मग म्हणाली, "आमच्याकडेही या आवाजाला शब्द असणार. आमची भाषा बोलणारं आता जवळपास कोणी राहिलं नाही. मी मडकी परत शिकले, पण त्यांच्या आवाजांना काय म्हणायचे, ते खापरावर लिहिलेलं नसतं."

मग मी पायाचंही सांगितलं. फोममध्ये अडकला होता, मी ओढला. हे कोणालाच सांगितलं नव्हतं. तिने पाय बघितला. माती नसलेली ती रेघ बोटाने चाचपली. बराच वेळ.

"ही रेघ माझी नाही," म्हणाली.

छा.ध. इतकी की तिलाही ऐकू जात असेल.

"घरून निघाली तेव्हा सुरई चांगली वाजत होती. तुझ्या टेबलावर आली तेव्हा कळीसारखी. मधे विमान, लॉरी, फोम आणि तू. तू असशील. विमान असेल. मला कळणार नाही, तुलाही नाही. ते आवडत नसेल तुला."

"नाही आवडत."

"मलाही." ती हसली नाही. "दोन वर्षं लागली मला या सुरईला. आधीच्या तीन जाळात फुटल्या."

मी विचारलं, मग उद्याचं पाणी? रद्द?

"का? तडा लपवायला तिला काचेत ठेवू? उद्या पाणी भरायचं. आणि तू धरायची. मी पेले धरीन."

"मी नको. माझे हात थरथरतात."

"दिसतंय. पायांतल्या गोळ्या वाजतील. वाजू देत."

"क्रिस्टीनला काय सांगायचं?"

"ते तुझं." आणि परत माती चोळायला लागली.

उठलो तेव्हा पँटला लाल माती. पुसली नाही.

शनिवार, १७ मे

सव्वा बारा. स्टोअरमधल्या स्टुलावर. दोनला उद्घाटन.

सकाळी क्रिस्टीनला सांगितलं. टिचकी, दुसरी टिचकी, पाय, किल्ल्यांचं खोटं. बोलताना आवाज माझा नव्हता, पण वाक्यं सगळी पूर्ण झाली. तिने मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "थँक यू फॉर टेलिंग मी." नंतर म्हणाली, "सोमवारी नऊ वाजता माझ्या ऑफिसमध्ये." आणि मग, "आज तू त्या भांड्याला हात लावायचा नाहीस."

चुकीचं काही बोलली नाही ती. तिच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. तरी बाबांचे आजोबा आठवले. कधी पाहिलेही नाहीत मी त्यांना.

लॉरेटा मागेच होती. "तो धरेल. नाहीतर पाणी नाही."  क्रिस्टीन "आय सी" म्हणाली आणि फोन करायला गेली. कोणाला, माहीत नाही.

अकराला सुरई भरली. नळाचं पाणी, लॉरेटाच्या हातून. राखाडी टॉवेलवर ठेवली. टॉवेल ओला होतो का बघायचं. डॅरन म्हणाला, "तीस वर्षांत पहिल्यांदा टॉवेलकडे बघायचा पगार मिळतोय." तरी जाईना तिथून.

घरचे लवकर आले. बाबा निळा टाय लावून. खिडक्यांतले म्हातारे चेहरे एकेक करून बघत होते, हात पाठीमागे बांधून. मुद्दाम बांधले होते, मला दाखवायला. "सगळ्यांनाच मनाई आहे ना?" हळूच म्हणाले.

मैत्रीने वाकून पाहिलं. "दादा, टॉवेल वेट आहे."

खरंच होता. पायाजवळ, नाण्याएवढी ओल. तोच पाय.

आई गुडघ्यांवर बसली. सुरईला हात लावला नाही. टॉवेलला लावला. दोन बोटांत ओल चोळून पाहिली.

"पाझर असेल," म्हणाली.

"की तडा?"

"तेवढ्याने नाही कळत रे. वाढू दे."

लॉरेटाने विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी इंग्रजीत सांगितलं. पाझर आणि लीक यांत फरक सांगायला तीन वाक्यं लागली, मैत्री मधेमधे "नो, दॅट्स नॉट अ थिंग" करत होती. लॉरेटाने आईकडे पाहिलं, आईने तिच्याकडे. मग दोघी टॉवेलशेजारी बसून राहिल्या, जणू कोणाची तरी वाट बघत.

एक वाजून गेला. ओल वाढलीय. किती, ते मोजायला गेलो नाही. लोक यायला लागलेत, काचेतून दिसतायत. क्रिस्टीन दाराशी उभी, माझ्याकडे बघत नाहीये.

छा.ध. नेहमीची.

एक चाळीस. मी नवे ग्लव्ह्ज घालून तयार होतो. लॉरेटाने आत डोकावून पाहिलं.

"ते काढून ये," म्हणाली.